दीड जीबीत किती बोलता येते? व्हिडिओ कॉल आणि मर्यादित नेटपॅकचा हिशेब

व्हिडिओ कॉलला तासाला किती डेटा जातो, असे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानात विचारा किंवा चंदगडच्या बाजारपेठेत विचारा, उत्तरे निरनिराळी मिळतात. कोणी दीडशे-दोनशे एमबी सांगतो, कोणी एक जीबी. ऑफिसच्या मीटिंगा फोनच्या हॉटस्पॉटवर केलेला माणूस थेट तीन जीबी सांगतो. यांतले कोणीच चुकीचे सांगत नसते. प्रश्नच अर्धवट असतो. चित्र किती स्वच्छ, कॉलवर किती जण, आपला कॅमेरा चालू की बंद, हे सांगितल्याशिवाय त्याला एक उत्तर नाही. हे तीन तपशील हाती आले की मात्र अंदाज पाचवी-सहावीच्या गणिताने बांधता येतो. तो बांधायला लोकांना कोणी शिकवले नाही आणि कंपन्यांनी तो सोपा करून दाखवला नाही, म्हणून हा आढावा.

या हिशेबाची गरज कोणाला आहे, ते आधी पाहू. शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी हे गाव घरोघरच्या फौजी परंपरेमुळे ओळखले जाते. गडहिंग्लज, कागल, चंदगड या भागांतूनही सैन्यात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या घरांत संध्याकाळचा कॉल सीमेवरून येतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात तेव्हा बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड टोळ्या जिल्ह्यात उतरतात. नवरा-बायको फडाजवळच्या कोपीत आणि शाळेत जाणारी पोरे गावाकडे आजी-आजोबांपाशी, अशी अनेक कुटुंबांची चार-पाच महिन्यांची विभागणी असते. इचलकरंजीत मागावर काम करणारा उत्तर प्रदेश-बिहारचा कामगारही रात्री पाळी सुटल्यावर घरी चेहरा दाखवतो. मुलगा अमेरिकेत किंवा आखातात असलेले आई-वडील पेठांत आहेत आणि खेड्यांतही आहेत. पुण्यातली नोकरी गावातल्या घरून करणारी पिढी आता कागल-हातकणंगल्यात दिसते. या सगळ्यांचे नेट बहुधा एकाच वाटेने येते: प्रीपेड सिम, २८ दिवसांचे रिचार्ज आणि रोजचा ठरलेला डेटा.

रोजच्या डेटाची ही पद्धत फार जुनी नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात आले. त्याआधी एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि तो जीबी महिनाभर पुरवावा लागे. व्हिडिओ कॉल ही तेव्हा सणावाराची चैन होती. त्यानंतर डेटा एकदम स्वस्त झाला आणि त्याची वाटणी महिन्याऐवजी दिवसावर आली. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांना झाला. म्हणजे एकूण ४२ जीबी, जीबीला साधारण सात रुपये. जगाच्या मानाने हा दर कमीच म्हणायचा.

पण ४२ हा आकडा फसवा आहे. ठीकठाक दर्जाच्या दोघांच्या कॉलला तासाला सुमारे ५४० एमबी लागतात (हा आकडा कुठून आला, ते पुढे येईलच). त्या हिशेबाने ४२ जीबीत ७८ तास बोलणे होईल असे वाटते. प्रत्यक्षात कोणत्याही एका दिवशी पावणेतीन तासांच्या पुढे जाता येत नाही, कारण त्या दिवसाचा दीड जीबी तिथे संपतो. सोमवारी काहीच वापरले नाही तरी सोमवारचा उरलेला डेटा मध्यरात्री जातो; रविवारी नातवंडांशी बोलताना तो उपयोगी पडत नाही. म्हणून मर्यादित पॅकवर महिन्याची सरासरी काढून काही कळत नाही. हिशेब दिवसाचा करायचा, आणि तोही सगळ्यांत जास्त वापराच्या दिवसाचा.

मध्यरात्रीची ही रेघ आपल्या बाजूनेही वळवता येते. रात्री साडेअकराला लागलेला कॉल साडेबारापर्यंत चालला तर त्याचा निम्मा भार एका दिवसावर आणि निम्मा दुसऱ्या दिवसावर पडतो. अमेरिकेतल्या मुलांचे कॉल मात्र उलटे वागतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा कोल्हापुरात सकाळचे साडेसहा झालेले असतात. नव्या दिवसाचा डेटा असा सकाळीच खर्च होतो आणि बँकेचे काम, यूपीआय, बातम्या यांसाठी दिवसभर टंचाई राहते. व्हीआयच्या काही पॅकमध्ये मध्यरात्रीनंतरच्या ठरावीक तासांचा डेटा मोजला जात नाही. परदेशाशी बोलणाऱ्या घरांनी पॅक निवडताना हे कलम वाचावे. दोन-चार रुपयांच्या फरकापेक्षा ते मोलाचे ठरते.

आकड्यांची किल्ली

नेटचा वेग सांगताना एमबीपीएस म्हणतात, त्यातला बी बिटचा असतो. पॅकमध्ये एमबी किंवा जीबी म्हणतात, त्यातला बी बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट होतो. हा आठपटीचा फरक न कळल्यामुळे निम्मे गोंधळ होतात. एक एमबीपीएस वेगाने तासभर डेटा वाहिला तर ३६०० सेकंदांत ४५० एमबी खर्च होतो. तोंडी हिशेबासाठी युक्ती अशी: केबीपीएसमधला आकडा निम्मा करा आणि आलेल्या उत्तरातून त्याचाच दहावा भाग वजा करा. ६०० चे निम्मे ३००, त्यातून ३० गेले, राहिले २७०. म्हणजे ६०० केबीपीएसला तासाला २७० एमबी.

आता सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. व्हिडिओ कॉल दोन्ही बाजूंनी वाहतो. यूट्यूबवर अंबाबाईच्या किरणोत्सवाचे प्रक्षेपण पाहताना डेटा फक्त आपल्याकडे येतो. कॉलवर समोरच्याचे चित्र येते तसे आपले चित्र जाते, आणि पॅकमधून दोन्ही कापले जातात. झूमच्या कंपनीने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार दोघांच्या साध्या कॉलला जाताना ६०० आणि येताना ६०० केबीपीएस लागतात. २७० अधिक २७०, म्हणजे तासाला ५४० एमबी. वर वापरलेला आकडा हाच. ७२०पी दर्जाला दोन्ही बाजूंनी १.२ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला १ जीबीहून थोडे अधिक. १०८०पीला जाताना ३.८ आणि येताना ३. तिथे खर्च तासाला ३ जीबीवर जातो. दुकानात ऐकू येणारी एक जीबी आणि तीन जीबी ही दोन्ही उत्तरे या एकाच ॲपच्या पोटात आहेत.

मायक्रोसॉफ्ट टीम्सचे आकडे आणखी बोलके आहेत. मीटिंगमधल्या व्हिडिओसाठी कंपनी किमान गरज जाताना १५० आणि येताना २०० केबीपीएस सांगते. शिफारस मात्र जाताना २५०० आणि येताना ४००० केबीपीएसची करते. किमान धरले तर तासाला १६० एमबीच्या आत काम होते, शिफारस धरली तर २.९ जीबी लागतात. तीच मीटिंग, तेच ॲप, आणि खर्चात अठरापटींहून जास्त फरक. नेट जेवढे मोकळे मिळेल तेवढे ॲप पसरते, कारण ते बनवणाऱ्यांनी चित्र चांगले दिसण्याला पहिले स्थान दिले आहे. ग्राहकाचा पॅक दीड जीबीचा आहे हे ॲपला माहीत नसते. आवर आपण घालायचा.

नुसत्या आवाजाचा खर्च यापुढे नगण्य आहे, पण शून्य नाही. आवाज दाबून २४ केबीपीएसवर आणला तरी तो सेकंदाला साधारण पन्नास तुकड्यांत पाठवला जातो आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रमांक, वेळ असा किमान ४० बाइटांचा मजकूर चढतो. त्याचेच १६ केबीपीएस होतात. मिळून ४०, दोन्ही बाजूंचे ८०, म्हणजे तासाला ३६ एमबी. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यांवर तो मजकूर आणखी लांब असतो, तेव्हा हाच आकडा ४३च्या घरात जातो. झूम आवाजासाठी ६० ते ८० केबीपीएस सांगते, टीम्स दोन्ही बाजूंना ५८-५८ ची शिफारस करते. नेटवरच्या साध्या बोलण्याला तासाला ४० ते ७० एमबी धरावेत. व्हिडिओच्या साध्या दर्जापेक्षाही हे आठ ते तेरा पटींनी स्वस्त आहे.

व्हॉट्सॲपचे काय? आपल्याकडचे बहुतेक घरगुती कॉल त्यावरच होतात, आणि झूम-टीम्ससारखा तासाचा आकडा मात्र त्याच्या बाबतीत हाताशी नाही. पण हे ॲप दुसरे काहीतरी देते जे जास्त उपयोगाचे आहे. कॉल संपल्यावर ‘कॉल’ या यादीतल्या नोंदीचा तपशील उघडला की किती मिनिटे बोललो आणि किती एमबी गेले, दोन्ही दिसते. सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटाखाली नेटवर्क वापर उघडला तर सर्व कॉलचे मिळून गेलेले आणि आलेले एमबी वेगवेगळे दिसतात. ते शून्यावर आणून आठवडाभराने पुन्हा पाहता येतात. कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचे बटणही तिथेच आहे. दुसऱ्याने सांगितलेल्या सरासरीपेक्षा स्वतःच्या फोनमधली ही नोंद खरी, कारण तिच्यात आपला टॉवर, आपला कॅमेरा आणि आपली माणसे धरलेली असतात.

चेहरे, हालचाल आणि रेंज

बऱ्याच शिक्षकांना वाटते की वर्गात चाळीस मुले आहेत म्हणजे आपला डेटा चाळीसपट जातो. तसे होत नाही. मीटिंगच्या ॲपमध्ये शिक्षकाचे चित्र एकदाच सर्व्हरवर चढते आणि तिथून ते चाळीस जणांना पाठवले जाते. चाळीस प्रतींचा भार सर्व्हर उचलतो. शिक्षकाचा खर्च वाढतो तो मुलांचे कॅमेरे चालू असतील तर, कारण ते सगळे चेहरे त्याच्याकडे उतरू लागतात. झूमच्या आकड्यांत पडद्यावर पंचवीस चेहरे मांडायला येताना २ एमबीपीएस लागतात, म्हणजे नुसत्या येण्याचेच तासाला ९०० एमबी. एकोणपन्नास चेहऱ्यांना त्याच्या दुप्पट. फोनच्या छोट्या पडद्यावर एका वेळी मोजकेच चेहरे मावतात, म्हणून तीच मीटिंग लॅपटॉपवर घेतली की जास्त डेटा जातो. पडद्यावर फक्त बोलणाऱ्याचे चित्र ठेवले की हा खर्च एकदम उतरतो. शिक्षक फळ्याऐवजी स्थिर पान दाखवत असेल तर आणखी कमी: चेहऱ्याची चौकट बंद ठेवून नुसता पडदा दाखवायला झूमच्या हिशेबात ५० ते ७५ केबीपीएस पुरतात. गणिताच्या तासाला मास्तरांचा चेहरा काही मिनिटे दिसला आणि बाकी वेळ उदाहरण दिसले तर शिकवण्यात काही उणे राहत नाही.

हालचालीचाही खर्च असतो. चित्र पाठवताना ॲप प्रत्येक क्षणाचे पूर्ण चित्र पाठवत नाही, आधीच्या क्षणापेक्षा काय बदलले तेवढेच पाठवते. भिंतीसमोर शांत बसलेल्या माणसाच्या चित्रात ओठ आणि डोळे एवढेच बदलतात. गणपतीच्या आरतीत निरांजनाची ज्योत, टाळ्या, हलणारी गर्दी यांत सगळेच बदलते. रंकाळ्याच्या काठाने चालत चालत केलेल्या कॉलमध्ये तर मागचे तळेही सरकते. अशा वेळी कॉल ॲपच्या वरच्या मर्यादेला जाऊन चिकटतो. परदेशातल्या लेकीला आरती जरूर दाखवावी, त्यासाठीच तर हे साधन आहे. फक्त फोन हातात नाचवण्याऐवजी डब्याला टेकवून ठेवावा. तिला चित्र स्वच्छ दिसेल आणि डेटाही वाचेल.

रेंज कमी असेल तर डेटा जास्त जातो, असा समज गावोगाव ऐकू येतो. कॉलच्या बाबतीत बहुधा उलटे घडते. वाट अरुंद झाली की ॲप चित्राचा दर्जा उतरवते आणि खर्च घटतो. गळालेल्या तुकड्यांची भरपाई म्हणून काही जादा माहिती पाठवली जाते खरी, पण एकूण भार कमीच राहतो. यातून आणखी एक गोष्ट निघते. दोघांच्या कॉलमध्ये कमकुवत टोक दोघांचा दर ठरवते. सीमेवरच्या जवानाकडे रेंज तुटपुंजी असेल तर सैनिक टाकळीतल्या फोनमधूनही कमीच डेटा जातो, मग इथे टॉवर घराशेजारी का असेना. पुण्याच्या वायफायवर बसलेल्या भावाशी तेवढाच वेळ बोलले तर दुप्पट-तिप्पट जाऊ शकतो. एका कॉलच्या अनुभवावरून दुसऱ्याचा अंदाज बांधताना समोरचा माणूस कुठे आहे, हे धरायलाच हवे. आखातातल्या घरांसाठी आणखी एक अडचण: संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे कॉल चालत नाहीत, तिथली माणसे बोटिमसारखे परवानगीचे ॲप वापरतात, आणि त्याचा खर्च वेगळा मोजावा लागतो.

पश्चिमेकडच्या तालुक्यांचा वेगळा विचार हवा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा इथे पाऊस महिनोन्महिने कोसळतो. फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरींना पावसाने फारसे काही होत नाही. पण डोंगरात टॉवरला टॉवर जोडणारे मायक्रोवेव्ह दुवे वरच्या लहरींवर चालतात, आणि मुसळधार पावसात ते मंदावतात. वीज गेली आणि बॅटरी उतरली की टॉवरच गप्प होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरने काय सोसले ते सांगायला नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा प्रत्येकाला आपल्या माणसाचा चेहरा पाहायचा असतो, आणि नेमकी तेव्हाच टॉवरची ताकद वाटून घ्यायची असते. त्या दिवसांत आवाजाच्या कॉलवर थांबणे हे शेजाऱ्यासाठीही करायचे काम आहे: एका साध्या व्हिडिओ कॉलच्या जागेत दहा-बारा जणांचे बोलणे मावते.

संपल्यावर काय उरते

रोजचा डेटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग उतरतो. जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या बहुतेक पॅकवर तो ६४ केबीपीएस होतो, बीएसएनएलच्या अनेक पॅकवर ४०. आपल्या युक्तीने ६४ चे उत्तर तासाला २९ एमबी येते. साध्या व्हिडिओला यात जागाच नाही. आवाजाचा कॉल, ॲपने तो चांगला दाबला आणि मागे दुसरे काही उतरत नसेल तर, जेमतेम चालतो.

इथे थोडा इतिहास आठवावासा वाटतो. २००९ मध्ये बीएसएनएलने ३जी आणले तेव्हा फोनमध्येच व्हिडिओ कॉलची सोय होती, आणि ती पद्धत नेमक्या ६४ केबीपीएसवर चालत असे. चित्र १७६ गुणिले १४४ ठिपक्यांचे, टपाल तिकिटाएवढे. पण मिनिटाला पैसे ठरलेले असत, अंदाज बांधण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे आज ज्या वेगाला आपण नेट संपले म्हणतो, त्यात कधीकाळी माणसे एकमेकांना पाहत होती. तंत्र तेव्हापासून पुढेच गेले आहे. गूगलने २०२० मध्ये आपल्या ड्युओ या कॉलच्या ॲपमध्ये एव्ही१ ही नवी दाबपद्धत आणली, ती मुख्यतः कमी वेगाच्या जोडण्यांसाठीच. मेटाने २०२४ मध्ये कमी वेगावर आवाज स्वच्छ ठेवणारी नवी पद्धत जाहीर केली. कमी डेटात कॉल करणे अशक्य नाही. ते सगळ्यांच्या हाती सहज यावे याची निकड कंपन्यांना वाटली पाहिजे.

डेटा संपल्यावर दुकानदार छोटे रिचार्ज सुचवतो. २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा १ जीबीचा जादा पॅक १९ रुपयांचा झाला. मूळ पॅकमध्ये जीबी सात रुपयांना पडतो, इथे एकोणीसला. रोज असे भरणाऱ्या माणसाने वरच्या पॅकचा विचार करावा. महिन्यातून एकदोनदा भरणाऱ्याने तसेच चालू द्यावे.

आता खरी माणसे घेऊन हिशेब करू. कोपीतले जोडपे रात्री वीस मिनिटे पोरांशी व्हिडिओवर बोलते: ५४० चा तिसरा हिस्सा, १८० एमबी. दीड जीबीच्या पॅकला हे सहज झेपते, आणि फोन शेतमालकाच्या मोटारीवर चार्ज करावा लागत असेल तर डेटाआधी बॅटरी संपेल. उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेवर रुग्णाची गाठ डॉक्टरशी घालून देते. दहा मिनिटांचा असा सल्ला ९० एमबीत होतो. दिवसात सात-आठ रुग्ण आले तरी पाऊण जीबीच्या आत, पण तो भार तिच्या खाजगी सिमवर पडता कामा नये.

शाळेचे गणित २०२० ने दाखवून दिले. टाळेबंदीत वर्ग फोनवर आले आणि सिंधुदुर्गात रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीची बातमी महाराष्ट्राने वाचली. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीला दिवसाला दोन आणि नववी ते बारावीला चार तासिका, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या, अशी मर्यादा सांगितली. चार तासिका म्हणजे जास्तीत जास्त तीन तास. मुलाचा कॅमेरा बंद आणि फक्त शिक्षकाचे साधे चित्र ६०० केबीपीएसने येत असेल तर तीन तासांना ८१० एमबी. दीड जीबीत बसते. हेच झूमच्या ७२०पी सामूहिक दर्जाने, कॅमेरे चालू ठेवून केले तर जाताना २.६ आणि येताना १.८ एमबीपीएस, म्हणजे तासाला जवळजवळ २ जीबी आणि दिवसाला ६. शाळेने ‘कॅमेरा चालूच हवा’ असा नियम केला की तो मुलाच्या बापाच्या खिशावर पडतो, आणि घरात दोन भावंडे असतील तर दुप्पट. पुढे कधी वर्ग असे भरवायची वेळ आली तर हजेरीपुरता कॅमेरा लावून घ्यावा, बाकी वेळ बंद ठेवू द्यावा. हे शाळांनी लिखित नियमात आणावे इतके महत्त्वाचे आहे.

घरून नोकरी करणाऱ्याचे उत्तर कडू आहे. रोज चार तास मीटिंग, अगदी साध्या दर्जाने धरली तरी २.१६ जीबी होते आणि दोन जीबीचा पॅक ओलांडते. टीम्सच्या शिफारशीने धरली तर दिवसाला ११.७ जीबी, बावीस दिवसांचे २५७ जीबी. मोबाइलच्या रोजच्या डेटावर हे काम होत नाही; तसा प्रयत्न करणाऱ्याला महिन्याच्या मध्यात दुसरे सिम घ्यावे लागते. जिओ एअरफायबरसारख्या बिनतारी घरगुती जोडणीला महिन्याला १ टीबीची मर्यादा असते, तीत हा वापर साधारण चौथ्या हिश्श्यात बसतो. गावात फायबर असेल तर उत्तम.

‘५जी अमर्याद आहे, हिशेब कशाला’ असेही कोणी म्हणेल. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झाले आणि कोल्हापूर शहरात ते मिळते. पण जुलै २०२४ पासून जिओने अमर्याद ५जी रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरते ठेवले. शिवाय अट अशी की फोन खरोखर ५जीवर असला पाहिजे. शिवाजी पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात माजघरात गेले, किंवा गगनबावड्याच्या दिशेने कळे सोडून पुढे निघाले, की फोन गुपचूप ४जीवर उतरू शकतो आणि त्या क्षणापासून रोजचा डेटा मोजला जाऊ लागतो. कॉल तुटत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. लांब कॉलआधी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काय लिहिले आहे ते पाहावे.

एक इशारा हॉटस्पॉट वापरणाऱ्यांना. लॅपटॉप फोनला जोडला की त्याला आपण वायफायवर आहोत असे वाटते आणि तो अपडेट, फोटोंची साठवण, फायलींची जुळणी सगळे उरकून घेतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला मीटर्ड ठरवले की हे बरेचसे थांबते. फोनवरही व्हॉट्सॲपच्या गटांतले फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे. मीटिंगने डेटा खाल्ला अशी तक्रार करणाऱ्यांच्या फोनमध्ये अनेकदा हाच खर्च मोठा निघतो. फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळत नाही, तेही जाणून असावे. कंपनी मोजते ते टॉवरच्या मागे, आपल्या मुख्य यंत्रणेत. वाटेत गळालेला तुकडा तिथे मोजला जातो, पण फोनपर्यंत पोहोचत नाही. अंदाजात पाचवा हिस्सा वाढवून धरला तर या फरकाची आणि इतर किरकोळ वापराची सोय होते.

सगळे आकडे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे. घरगुती कॉलसाठी दीड जीबी पुरतो, शाळेला तो शिस्तीने पुरवता येतो, नोकरीला पुरत नाही. दोष डेटाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या दिवसांत बांधलेल्या वाटणीत जास्त आहे. व्हीआयने सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय काही पॅकमध्ये दिली, म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या जमते हे सिद्धच आहे. सर्व कंपन्यांनी निदान आठवड्यापुरता डेटा पुढे नेऊ द्यावा आणि दूरसंचार नियामक ट्रायने त्याचा आग्रह धरावा. ॲपवाल्यांनी कॉल लावतानाच ‘या दर्जाला तासाला इतके एमबी’ असे मराठीत दाखवावे. विमानाचे तिकीट विकणाराही सामानाचे वजन आधी सांगतो. इथे तर रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे आहेत.

तोपर्यंत वाचकाने एक करावे. आजपासून आठवडाभर प्रत्येक कॉलची मिनिटे आणि एमबी फोनमध्ये पाहून वहीत लिहावेत. पुढचे रिचार्ज करायला जाल तेव्हा ती वही सोबत न्या, आणि पॅक निवडताना सरासरी न पाहता त्यातला सगळ्यांत मोठा दिवस पाहा.